साहेब बॅगेत आहेत

गुरुवार, रात्री साडेदहा

आज चाकणला एका कारखान्यात सर्व्हिस कॉल होता, मी ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) दुरुस्त करते. गेटवर वॉचमन काकांनी रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात मला न विचारताच 'इंटरव्ह्यू' लिहून टाकलं, आणि आत गेले तर मेंटेनन्सवाले माझ्या मागे बघत म्हणतात, मॅडम, साहेब कधी येणार? अकरा वर्षं झाली या लाईनला, प्रश्न तोच. म्हटलं साहेब बॅगेत आहेत, काढते, आणि मल्टीमीटर काढून टेबलावर ठेवला. सगळे हसले, विचारणारे पण हसले, आणि मग कुठला ड्राइव्ह ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय, ते नीट सांगायला लागले.

कूलंट पंपाचा ड्राइव्ह, सकाळी चालू केला की अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट बॉडीतून जमिनीत गळतोय. सप्लाय बंद केला आणि घड्याळ लावून थांबले. सप्लाय गेला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, 415 व्होल्टची लाईन असेल तर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर (जिथे हे कपॅसिटर जोडलेले असतात) 560-580 व्होल्ट, तो उतरेपर्यंत आत हात घालायचा नसतो, कव्हरवरच लिहिलेलं असतं. एक जण म्हणाला, घाबरलात काय मॅडम? म्हटलं हो दादा, 560 व्होल्टला मी घाबरतेच, तुम्ही घाबरत नसाल तर लावा हात. कोणी लावला नाही.

मग मोटरच्या केबल ड्राइव्हपासून सोडवल्या (नाहीतर मेगरचे, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचे, 500 व्होल्ट ड्राइव्हलाच घेऊन जातात) आणि मेगर लावला, 0.2 मेगाओहम, फारच कमी. टर्मिनल बॉक्स उघडला तर गॅस्केट गायब, आत पाण्याचे थेंब, रात्रपाळीत मशीन धुतात तेव्हा गेलेलं. ब्लोअर लावून वाळवत बसलो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी नुसती चिडायचे आणि घरी येऊन रडायचे. मग कळलं की हसवलं की समोरचा कामाच्या गोष्टीवर येतो, पण त्याला चारचौघात पाडायचं नाही, कारण उद्या त्याच पॅनलपाशी त्याच्याच सोबत उभं राहायचंय. माझा डिप्लोमा कराडचा. सुरेखा यादवांनी पण इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा कराडलाच केला, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर, आमच्या साताऱ्याच्या. 2011 च्या महिला दिनाला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला नेली. प्रत्येकाच्या शंकेला उत्तर देत बसल्या असत्या तर गाडी लोणावळ्यातच उभी राहिली असती, असं मला कायम वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी विनोद करत नाही. शॉपफ्लोअरला लेडीज टॉयलेट नव्हतं, अॅडमिन बिल्डिंगपर्यंत चालत जा म्हणाले, म्हणून साईटवर बायका पाणीच पीत नाहीत. ते सर्व्हिस रिपोर्टच्या रिमार्कमध्ये लिहिलं आणि मॅनेजरांची सही घेतली. सही करताना ते काही बोलले नाहीत, पण दोनदा वाचलं.

तिथे आयटीआयची एक अप्रेंटिस मुलगी सकाळपासून लांबून बघत होती. ब्लोअर बंद केल्यावर जवळ आली, ताई, मेगर मी धरू? म्हटलं धर, एक प्रोब बॉडीला, स्क्रू नीट घासून घे, दुसरा फेजला. हात थोडा थरथरत होता तिचा. आकडा चढत गेला आणि ती अख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशी ओरडली, ताई, बावीस!