तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बोटाबद्दल

दादाने शेवटच्या दिवशी खरंच बोट उचललं होतं का?

सहा वर्षांत हे मला इतक्या जणींनी विचारलंय, की समोरची नुसती "राग मानू नकोस हं, एक विचारते" म्हणाली तरी पुढचं मला कळतं. उपासनेनंतर चपला शोधताना विचारलंत, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारलंत, एकीने तर नाताळच्या करंज्या तळताना विचारलं. कधी मी "हो" म्हटलं, कधी "प्रभूला ठाऊक" म्हणून झारा हातात घेतला. आता एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

दादाची दारू, एसटीतली गेलेली नोकरी, अकरा वर्षं मंदिराची (आपण चर्चला मंदिरच म्हणतो) पायरी न चढणं, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. ते सोडते.

गुरुवारची दुपार होती. पोटात पाणी झालेलं, डोळे हळदीसारखे, आवाज आदल्या रात्रीच बंद झालेला. आई स्टुलावर, मी पलंगाच्या कडेला. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, एक पंच आले, चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र, बायबल, घेऊन, बरोबर तिघंचौघं. माणूस वाईट नाही. आम्हाला डबा कोण आणत होतं, तर त्यांच्याच घरून यायचा. ते दादाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाळा, बोलता येत नसेल तर नुसतं बोट उचल. प्रभूला स्वीकारतोस ना?"

आता ते बोट कोणतं होतं ते ऐका. उजव्या हाताचं पहिलं, ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेलं. तो चिमटा दादाला सकाळपासून नको होता. तीनदा झटकून टाकला, तीनदा मशीन कोकललं, तीनदा सिस्टरने येऊन लावला आणि मलाच बोलली, "ताई, लक्ष द्या ना पेशंटकडे." म्हणून मी त्याचं मनगट धरून बसले होते. बोट उचललं गेलं. फार नाही, खालून बांगडी सरकेल एवढं. चिमट्याचा लाल उजेड नखातून दिसत होता.

"हालेलुया!" पंच एवढ्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या कॉटवरचे आजोबा दचकून उठले. आईने पदर तोंडात कोंबला. सगळ्यांनी डोळे मिटून उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू केली. मी मिटले नाहीत. प्रार्थना चालू असताना बोट पुन्हा उचललं गेलं. तेवढंच, तसंच. तेव्हा त्याला कुणी काहीच विचारत नव्हतं.

रात्री अडीचला तो गेला. हे दुसऱ्यांदाचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दफनविधीला पंचांनी साक्ष दिली. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला जसं शेवटच्या घटकेला सुखलोकाचं वचन मिळालं, तसं आमच्या भावाचं झालं म्हणाले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "मी तिथे होते. बोट उचललं, मी पाहिलं." यात खोटं काय आहे? उचललं होतंच. आईकडे बघून तुमच्यातल्या कुणी वेगळं बोलून दाखवलं असतं, तर मी मानलं असतं.

पण मला माझीच भीती वाटते, ती चौदा वर्षं संडे स्कूल घेणारी मी. तिने कधीच गप्प बसू दिलं नसतं. तिच्याकडे फळ्यावर चिकटवायची कापसाची मेंढरं होती आणि काळ्या कागदाची शेरडं. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, आणि डावीकडच्यांचं काय होतं ते पोरांनी एका सुरात सांगायचं. एका मुलाने विचारलं होतं, "बाई, आमच्याकडे दोन्ही एकाच वाड्यात असतात, शेरडांनी काय केलं?" मी त्याला खाली बसवलं. एका बाईचा नवरा असाच पिऊन गेला, तेव्हा प्रार्थना सभेतून परत येताना मी म्हटलं होतं, "वेळ असतानाच यायला हवं होतं." त्या बाईच्या कानावर ते गेलं, हे मला नंतर कळलं. ती दादाच्या मातीला आली होती. माझा हात धरला आणि काही बोलली नाही.

त्या बाईंना, म्हणजे मला, मी आता सांगते, की मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्याच मेंढरं-शेरडांच्या अध्यायात न्यायाला बसलेला राजा बोटाचं विचारतच नाही. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला भेटलात का, तुरुंगातल्याकडे गेलात का, एवढंच विचारतो. दादाने एकदा करंजी घाटात अडलेल्या बाईसाठी प्रवाशांनी भरलेली गाडी वळवून दवाखान्यात नेली होती. मेमो खाल्ला. लिहून घ्या म्हणावं हे पण.

ही वकिली झाली, कळतंय मला. वहिनी ऐकत असती तर हसली असती.

मातीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी मोरीत भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता मिटलं का सगळं? एका बोटात?" तिच्या डाव्या भुवईवरचा व्रण तुम्ही पाहिलाय. पायरीवर पडली, असं आम्ही सांगायचो. आम्ही म्हणजे मी सुद्धा. मग म्हणाली, "त्यांचं तारण होऊ दे, मी आड येत नाही. पण न्यायासनापुढे मलाही काही विचारतील का, ताई?"

मला उत्तर आलं नाही. मी पाण्याचा नळ मोठा केला.

आमच्या आजीला 96वं स्तोत्र तोंडपाठ होतं. देव न्याय करायला येतोय म्हणून त्यात रानातली झाडं आनंदाने गातात. लहानपणी मला कोडं पडायचं, न्यायाधीश यायचा म्हटल्यावर आनंद कसला? आजीच्या सासऱ्यांना गावच्या विहिरीत पोहरा टाकायची सोय नव्हती, वर 1876 च्या दुष्काळात ज्वारीसाठी बाटलेले म्हणून ऐकून घ्यायचं. तिच्या लेखी न्यायाचा दिवस म्हणजे कुणीतरी येऊन ती विहीर बघणार आणि कुणाची होती ते विचारणार. वहिनी तेच मागत होती. न्याय नकोच, नुसती दया हवी, असं मी म्हटलं तर दादा सुटतो आणि वहिनी राहते. न्याय हवाच म्हटलं तर मला तो गुरुवार आठवतो.

मग अजून मंदिरात कशी येतेस, हा तुमचा दुसरा प्रश्न. वर्षभर मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि पेला, घेतलं नाही, पेला पुढे आला की मान हलवायची. त्या काळात एका पाळकसाहेबांनी मला सेरापियोनची गोष्ट सांगितली. सन 250 च्या आसपास रोमी सम्राट देशियसने हुकूम काढला, सगळ्यांनी देवतांना बळी द्या आणि दाखला घ्या. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने तो दिला. छळ ओसरल्यावर मंडळीत भांडण लागलं, यांना परत घ्यायचं का? रोमचा नोवात्यान म्हणाला, नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाला वेळ द्या, पण मरायला टेकलेल्याला अडवू नका. अलेक्झांड्रियातला म्हातारा सेरापियोन असाच बळी देऊन बसलेला. तीन दिवस बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी शुद्ध आली तशी नातवाला पाळकाकडे धाडलं. रात्र होती, पाळक स्वतःच आजारी. त्याने प्रभुभोजनाचा तुकडा पोराच्या हाती दिला आणि सांगितलं, भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल. म्हाताऱ्याने तो गिळला आणि प्राण सोडला.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, "सेरापियोनने मागितलं होतं. दादाने काही मागितलं नाही, त्याला चिमटा टोचत होता." ते म्हणाले, "असेल." नुसतं असेल. त्या माणसाने चोराची गोष्ट काढली असती तर मी उठून गेले असते. पुढच्या महिन्यात मी पेला घेतला. का घेतला ते मला मांडता येत नाही. हे सगळं घेऊन दुसरीकडे कुठे जायचं, हेही मला माहीत नाही.

विश्वासू राहणं म्हणतात ते हेच का, विचारू नका. काही रविवारी मी फक्त आईला रिक्षा परवडावी म्हणून येते.

दर वर्षी त्या तारखेच्या आसपास आई उपकारस्तुतीचं पाकीट भरते. तिला दिसत नाही, म्हणून वर मी लिहिते: मुलाच्या तारणाबद्दल. वहिनीही पाकीट देते, त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं. दोन्ही मीच पेटीत टाकते.

तर हो, उचललं होतं. दोनदा. तुम्हाला त्याचं काय करायचं ते करा, पण आईला विचारू नका. तिला एकदाचंच माहीत आहे.