देणगीने उभे राहिलेले पुढे चालवायचे कोणी?

नोकरीनिमित्त अमेरिकेतील पिट्सबर्गला राहायला आल्यापासून या शहराची एक बाजू मी जवळून पाहत आहे आणि ती गावाकडच्या मंडळींना सविस्तर सांगावी, असे बरेच दिवस मनात होते. कोळसा आणि पोलाद यांच्या पैशावर हे शहर वाढले आणि त्या पैशाचा काही वाटा पुढे देणग्यांच्या रूपाने शहराकडे परत आला. मेरी शेनली यांनी 1889 मध्ये सार्वजनिक बागेसाठी 300 एकर जमीन दिली, हेन्री फिप्स यांनी काचेचे भव्य वनस्पतिगृह बांधून दिले, तर पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून झालेले मुख्य ग्रंथालय 1895 मध्ये उघडले. ते लोकांसाठी विनामूल्य आहे, अशी अक्षरे त्याच्या दारावर दगडात कोरलेली आहेत.

मला या देणगीपेक्षा तिच्यासोबत घातलेली अट अधिक महत्त्वाची वाटते. कार्नेगींनी 1881 मध्येच शहराला ग्रंथालय देऊ केले होते. मात्र ते चालवण्याचा खर्च शहराने दरवर्षी करावा, असे त्यांचे म्हणणे होते आणि करातून असा खर्च करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मानून शहराने तेव्हा नकार दिला. पुढे कायदा बदलला आणि मगच काम मार्गी लागले. त्यानंतर त्यांनी जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला. त्यांचा सर्वसाधारण नियम असा होता की, जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या 10 टक्के इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करण्याचे गावाने मान्य करावे. ग्रंथपालाचा पगार, नवी पुस्तके आणि हिवाळ्यात इमारत गरम ठेवण्याचा खर्च यांसाठी देणगीदाराच्या वारसांकडे हात पसरण्याची वेळ गावावर येऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

ही जबाबदारी लोकांनी आजही सोडलेली नाही. 2009 मध्ये पैशाअभावी पिट्सबर्गमधील काही शाखा बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा नागरिकांनी चळवळ उभारली आणि 2011 मध्ये ग्रंथालयासाठी आपल्याच घरपट्टीवर थोडा जादा कर लावून घेण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मतदानात मंजूर केला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या देणगीसाठी लोक स्वखुशीने कर भरतात, हे वाचून मला आपल्या मारेगाव तालुक्याची तीव्रतेने आठवण झाली.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि त्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली मुले घरोघरी दिसतात. आमच्या गावाला एका कंपनीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिले. पत्र्याची खोली, नाणे टाकायची पेटी, नळाखाली कॅन ठेवण्यासाठी सिमेंटचा ओटा आणि दारावर कंपनीच्या नावाचा मोठा फलक, असे सारे नीट झाले. उद्घाटनाला मांडव पडला. दोन उन्हाळे यंत्र चांगले चालले. नंतर आतली मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) निकामी झाली, विजेचे बिल थकले आणि ते कोणी भरायचे हे कधीच ठरलेले नसल्यामुळे खोलीला कुलूप लागले. आता तिथे खताची पोती ठेवलेली असतात. आमचे मोठेबाबा फोनवर एवढेच म्हणाले, "मशीन कोनी बी आनून देईन, पन ते चालवीन कोन?"

कंपनी कायद्यानुसार 2014 पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. त्यामुळे वणी-मारेगाव या कोळसा खाणींच्या पट्ट्यात हा पैसा येतच राहणार आहे. तो घेताना चालवण्याच्या खर्चाची अट गावानेच पुढे ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

लोकांचा स्वतःचा वाटा असला की काय होते, याचे उत्तम उदाहरण याच शहरात घडले. डॉ. जोनास साल्क यांनी पोलिओची लस पिट्सबर्ग विद्यापीठात तयार केली. तिच्यामागे येथील धनाढ्य मेलन कुटुंबातील एका प्रतिष्ठानाचा पैसा होता. पण त्याहून मोठा आधार होता तो 1938 पासून पोलिओविरुद्धच्या कामासाठी देशभरातून गोळा होणाऱ्या दहा-दहा सेंटच्या नाण्यांचा. 12 एप्रिल 1955 रोजी लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले, तेव्हा ते यश आपल्याही वर्गणीचे आहे, असे लाखो घरांना वाटले. आपल्या विदर्भातही हे घडलेले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याचा हप्ता सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात भरला, तोही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. ज्वारी दिलेला माणूस रुग्णालयात हक्काने उपचार मागतो आणि ते नीट चालावे म्हणून लक्षही ठेवतो.

दानाचा पैसा कोठून आला, हेही विसरता येत नाही. कार्नेगींच्या होमस्टेड येथील कारखान्यात 1892 साली मजुरीवरून झालेल्या संघर्षात कामगार मारले गेले आणि बारा-बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्यांना पुस्तक वाचायला सवड कुठून मिळणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. धुराने त्या काळी येथे दिवसा रस्त्यांवरचे दिवे लावावे लागत. आजही पोलादासाठी कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांमुळे काही सकाळी हवेला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो आला की लोक मोबाइलमधील एका अ‍ॅपवर नोंद करतात आणि ती थेट आरोग्य विभागाकडे जाते. येथील हाइन्झ कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने स्वच्छ हवेच्या कामाला अनेक वर्षे पैसा दिला आहे. वणी भागात फुटलेल्या बोंडांवर कोळशाची काळी धूळ बसते, ती मोजून दाखवण्यासाठी असा स्वतंत्र पैसा हवा. कोळसा काढणाऱ्या कंपनीच्या निधीतून ती मोजणी निःपक्षपाती होईल, असे मला वाटत नाही.

कलेबद्दल थोडेच लिहितो, कारण त्या बाबतीत आपण कमी नाही. हाइन्झ प्रतिष्ठानाने एका जुन्या चित्रपटगृहाचे संगीत सभागृह करून दिले, ते सुंदर आहे. पण धानाची कापणी उरकल्यावर गडचिरोली-भंडाऱ्याकडे गावोगावची मंडळे तिकिटांच्या पैशावर झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र उभी करतात, ती कोणा धनिकाच्या कृपेवर अवलंबून नाहीत.

आता गावातील तरुणांनी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेसाठी आम्हा बाहेर राहणाऱ्यांकडे मदत मागितली आहे आणि ती आम्ही आनंदाने करणार आहोत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. ज्यांनी येथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी मात्र तशी धरली जाते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेची केंद्राकडे नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. म्हणून पहिला टप्पा आम्ही भारतीय पासपोर्टवाल्यांनीच उचलायचे ठरवले आहे. आमची विनंती एकच आहे. जागा, वीजबिल आणि देखरेख करणाऱ्याचे मानधन ग्रामपंचायत दरवर्षी कोणत्या उत्पन्नातून देणार, याचा ठराव ग्रामसभेने आधी करावा आणि प्रत्येक घराने वर्षाला जमेल तेवढी वर्गणी द्यावी. ठरावाचा मसुदा सरपंचांकडे पाठवला आहे. त्यातील रकमा आम्ही मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत, कारण आपल्याला किती झेपेल हे गावानेच ठरवायचे आहे.