परत येण्याचा पुरावा

पन्नाशी ओलांडलेल्या तिघी मैत्रिणी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या व्हिसाच्या ऑफिसात आल्या. ग्रीसच्या क्रीट बेटावर, हानियाजवळ, समुद्रकाठचं घर भाड्यानं घेऊन तीन आठवडे राहायचं होतं. शेजारच्या टेबलावरून लगेच प्रश्न आला, "आणि साहेब मंडळी?" गिऱ्हाईकाला असलं विचारू नये, हे किती वेळा सांगायचं?

एक निवृत्त शिक्षिका, दुसरीचं औषधांचं दुकान. तिसऱ्या काकू नवऱ्यापासून वेगळ्या होऊन दुकानवाल्या मैत्रिणीच्या वरच्या खोल्यांत राहायला आलेल्या. त्यांचा पासपोर्टच नव्हता. नवऱ्याचं नाव नको असेल तर घटस्फोटाचा हुकूम लागतो, असं कुणीतरी त्यांना घाबरवलं होतं. परराष्ट्र खात्यानं ती अट डिसेंबर २०१६ मध्येच काढली. पासपोर्ट हातात आल्यावर काकूंनी पहिलं पान दोनदा वाचलं.

व्हिसाची फाईल मी मन लावून बांधली. ३०,००० युरोचा विमा, तिघींच्या नावानं घराचं बुकिंग. दुकानवाली मैत्रीण काकूंच्या खात्यात दोन लाख टाकायला निघाली होती, मी अडवलं. अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला आधी खुपते. त्यापेक्षा तिनं उघडपणे खर्चाची हमी दिली. पत्रात नातं लिहिलं, मैत्रीण.

दोघींना व्हिसा मिळाला. काकूंच्या पासपोर्टासोबत छापील नकार आला. खूण एकाच चौकटीत: मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल वाजवी शंका. ९० युरो फी गेली ती गेलीच.

परत येण्याचा पुरावा म्हणजे नवरा, नोकरी, घर. काकूंनी पहिलं सोडलं होतं आणि बाकीचं नुकतं कुठं जमवायला घेतलं होतं. रोज त्या मैत्रिणीच्या दुकानाचा हिशोब लिहितात, पण पगार रोखीत. कागदावर त्या कुठंच नव्हत्या. ऑफिसातल्या एकानं सुचवलं, नवऱ्याचं संमतीपत्र जोडा. काकू म्हणाल्या, "मग ग्रीस नको मला." मला तो सल्ला अजून सलतो, कारण त्या पत्रानं कदाचित काम झालंही असतं.

आता पगार बँकेतून सुरू झालाय, खोल्यांचा भाडेकरार नोंदवलाय. तीन महिन्यांची पगारपत्रकं जमली की पुन्हा अर्ज. तोवर बाकी दोघींच्या व्हिसाची मुदत संपेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"संपू दे की," शिक्षिका बाई म्हणाल्या. "तिघींचे परत काढा."