सादळलेली बिस्किटं

१ नोव्हेंबर, रात्री

ताईने एवढंच विचारलं, "म्हणजे उरलेल्या बिस्किटांचं करतात?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. फोनवर बदलला. ओट्यापाशी तो अजून तसाच आहे.

पान देइ मोर्ती. मृतांचा पाव. इथे इटलीत, मिलान आणि आसपासच्या लोंबार्दी प्रांतात या दिवसांत बेकऱ्यांच्या काचेमागे मांडलेला असतो. टोकाला निमुळता, लंबगोल, काळपट तपकिरी, वर पिठीसाखर. नावाला पाव, पण यीस्ट नाही, पीठ फुगत ठेवणं नाही. बिस्किटांचा चुरा, सुकामेवा, कोको, दालचिनी आणि अंड्याचा पांढरा बलक, हे मुख्य. सिएनाचा 'पान को सांती' मात्र खरा फुगवलेला पाव. त्यात अक्रोड, बेदाणे आणि चक्क मिरी; ते अक्रोड-बेदाणे म्हणजेच त्यातले 'संत'. तो केला असता तर ताईला सांगायला सोपं गेलं असतं.

आपल्याकडे पितरांच्या पानावर शिळं चालत नाही. खीर त्या दिवशीची, वडे त्या दिवशीचे, आणि नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही. इथे मात्र डब्याच्या तळाशी राहिलेलं झटकायचं, कुटायचं आणि त्याला त्यांचं नाव द्यायचं. उरलेलं. दुपारपासून हा एकच शब्द डोक्यात आहे. बाबांना सुके अंजीर… असो.

त्यातून गंमत अशी की माझ्या डब्यात उरलेलं काही नव्हतंच. साव्होयार्दीचं, म्हणजे लांबट हलक्या स्पंज बिस्किटांचं, २०० ग्रॅमचं नवं कोरं पाकीट आणलं, कुटण्यासाठी. म्हणजे उरलेल्याचा पदार्थ, ताज्याचा करून. दोन्हीकडून चूक.

प्रमाण लिहून ठेवते, बारा नगांचं. साव्होयार्दी १५० ग्रॅम, आमारेत्ती (बदामाची बिस्किटं) ५०, मैदा १२५, साखर १५०, कोको २५, न सोललेले बदाम, सुके अंजीर आणि बेदाणे प्रत्येकी ६०, तीन अंड्यांचा पांढरा बलक, व्हिन सांतो (गोड वाइन) ५० मिली, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, दालचिनी अर्धा चमचा, जायफळ दोन घासे. व्हिन सांतो तोस्काना प्रांताची, पाव लोंबार्दीचा. कुणाला त्याचं काही वाटत नाही. बेदाणे तिच्यातच भिजवायचे, अर्धा तास. मग ती फेकायची नाही, तीच पिठात जाते.

बदाम १८० अंशांवर आठ मिनिटं भाजून, गार करून, जाडसर कुटायचे. गरम असताना मिक्सरमध्ये घातले की तेल सुटून लगदा होतो. अंजीर मिक्सरला द्यायचेच नाहीत, पात्याला चिकटून गोळा होतात. सुरी ओली करून बारीक चिरायचे.

आता चुरा. सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं. अगदी पीठ केलं तर पाव विटेसारखा बसतो. मोठे तुकडे राहिले तर भाजताना कडेला भेगा पडतात आणि उचलताना मोडतो. जाड रव्याएवढा हवा. आणि खरं सांगायचं तर उरलेली बिस्किटं इथे त्रासच देतात. पाव शिळा झाला की कडक होतो, बिस्किट शिळं झालं की सादळतं. सादळलेलं कुटलं जात नाही, त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून आधी शंभरेक अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं वाळवून, गार करून घ्यायचं. लोण्याची बिस्किटं असतील तर ती थोडीच. भाजताना लोणी वितळतं आणि पाव पसरतो. म्हणजे उरलेलं वापरायलाही निगुती लागते. हे ताईला सांगायला हवं होतं. फोनवर ऐन वेळी सुचेल तर शपथ.

सगळं कोरडं एकत्र, मग सुकामेवा, मग पांढरा बलक, शेवटी दारू, तीही थोडी थोडी. पीठ चिकट आणि जड व्हायला हवं, सैल नाही. सैल वाटलं तर लगेच मैदा घालू नये. अर्धा तास झाकून ठेवावं, चुरा ओल ओढून घेतो. मी थांबले नाही, दोन चमचे मैदा जास्त पडला. नंतर पीठ दगड. मग बेदाण्यांच्या वाटीच्या तळाशी राहिलेली चमचाभर दारू शिंपडली.

खाली ओस्तिया लावतात, कागदासारखी पातळ, खायची पापडी. ओल्या बोटाने धरली की आक्रसते. हात पुसून ती ताटात पसरायची, वर सत्तर ग्रॅमचा गोळा ठेवून बोटभर जाडीचा लंबगोल थापायचा आणि बाहेर आलेली कड कात्रीने कापायची. नाही कापली तर करपते. एकीची राहिली आणि करपली.

१८० अंश, अठरा-वीस मिनिटं. कोकोमुळे रंगावरून काही कळत नाही. बाहेर काढताना मधोमध दाबलं की मऊच लागायला हवं. गार होताना घट्ट होतो. कडक होईपर्यंत आत ठेवला तर उद्या दात मागेल. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर विरघळून ओले डाग पडतात. आणि आज खाऊ नये. डब्यात रात्रभर राहिला की ओल सारखी पसरते, दालचिनी पुढे येते.

म्हणजे हा मुळी शिळाच खायचा. हे लिहिताना हसू आलं.

इथे आज सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी; मृतांचा दिवस उद्या, पण उद्या सुट्टी नाही, त्यामुळे बरेच जण कबरींवर आजच जाऊन आले असतील, शेवंती घेऊन. शेवंती इथे कबरींसाठीच. कुणाच्या घरी न्यायची सोय नाही. आपण वेणीत माळतो. वसईत आणि गोव्यातही उद्या ख्रिस्ती लोकांच्या कबरींवर मेणबत्त्या लागतील. त्यांच्या ताटात काय असेल ते असो, बिस्किटांचा चुरा नक्की नसेल.

बारातला करपल्या कडेचा मी ठेवून घेणार आहे. बाकीचे अकरा डब्यात गेले. ओटा पुसताना लक्षात आलं, पाकिटात सहा साव्होयार्दी शिल्लक आहेत. तोंड नीट मिटत नाही त्याचं, आठवड्यात सादळतील. बरणीत घालून वर चिकटपट्टी लावली आहे: 'पुढच्या नोव्हेंबरला'.