बारोलोची नोंदवही: तिसरी बाटली

बारोलो ही इटलीतली लाल वाइन. द्राक्षं कुठल्या गावची, हे नुसत्या चवीवरून कळतं का, हे पाहायला एकेक बाटली उघडतोय. अखेर शनिवारी सेर्रालुंगा दाल्बा या गावची 2016 सालची उघडली. मागची, ला मोर्रा गावची 2017, मित्रमंडळींनी एका रात्रीत संपवली होती. नोंद एका ओळीची आणि तीही वाकडीतिकडी. म्हणून ही एकट्यानेच, तीन दिवस पुरवून प्यायची ठरवली.

रंगाने पुन्हा चकवलं. वर्तमानपत्रावर ग्लास तिरका धरला तर बातमी आरपार वाचता आली, कडेला विटकरी झाक. नवखा म्हणेल, पाणी घातलंय. पहिल्या घोटाला मात्र कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळल्या. नेब्बिओलो द्राक्षाचं हे असंच: रंग फिका, पण तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही सणसणीत. बारोलोत दुसरं द्राक्ष चालत नाही. किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात, मुरवल्याशिवाय ती विकताही येत नाही. एवढं करूनही बाटली हट्टीच.

शनिवार, संध्याकाळी 7: वास जवळपास नाहीच.
रात्री 9: वाळलेल्या गुलाबपाकळ्या. गुलकंद नव्हे, गोडीचा मागमूस नाही.
रविवार दुपार: डांबर! पुस्तकांतून हे वाचताना मला हसू यायचं. पण खरंच, नुकत्याच केलेल्या रस्त्यावरून उन्हात जाताना येतो तो वास. मागे गुलाब तसाच.
सोमवार: तुरटपणा बराच निवळला, पण वासही उतरला. म्हणजे रविवारची दुपार सगळ्यात उत्तम.

तापमानाचं सांगतो. 'रूम टेम्परेचरला प्या' हा सल्ला पुण्यातल्या हॉलसाठी नाही, माझ्याकडे 29 अंश होते. फ्रिजमध्ये ठेवून 17 वर आणली.

जेवणात पहिल्या बाटलीसोबत तांबडा रस्सा घेतला होता. घोडचूक. तिखटाने तुरटपणा वाढला आणि 14 टक्के अल्कोहोलचा घशात जाळ झाला. या वेळी पांढरा रस्सा, मिरी-मिरची बेताची. तुरट द्रव्यं मटणाच्या प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे जीभ मोकळी राहते. वाटीभर रश्शाने जे केलं ते दोन तासांच्या हवेनेही झालं नव्हतं.

आता मूळ प्रश्न: गाव कळतं का? बारोलो हे इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या आल्बा शहराजवळच्या टेकड्यांवरचं एक गाव, पण त्या नावाची वाइन 11 गावांच्या हद्दीत होते. ला मोर्राकडची निळसर-करडी, चुनखडीयुक्त माती भूगर्भीय वयाने तरुण. सेर्रालुंगाकडची जुनी, मधूनमधून वालुकाश्माचे थर असलेली. पहिली मऊ वाइन देते, दुसरी ताठ, असं सगळे सांगतात. मलाही तसंच वाटलं. पण 2017 तिकडे उष्ण आणि कोरडं गेलं होतं, तेव्हा मी गाव ओळखलं की साल, हे कसं ठरवणार? तुलनाच चुकीची मांडली.

पुढची जोडी एकाच सालाची. कुणी निम्मा खर्च उचलणार असेल तर पांढरा रस्सा माझ्याकडे.