टँकरची वही

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे सीएसआर निधीच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायच्या पैशाच्या, प्रस्तावांची आमच्याकडे याच दिवसांत झुंबड असते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत, तिथे बसून मी गावोगावचे प्रस्ताव लिहिते. त्या दिवशी माण तालुक्यातल्या एका गावाच्या पाझर तलावाचा प्रस्ताव संध्याकाळी सहाच्या आत ऑनलाइन भरायचा होता.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावर गावच्याच बायाबाप्यांनी खोदलेला. पन्नास वर्षांत तो गाळानं भरत आला. पावसाळ्यात पाणी दिसतं, पण दिवाळी सरली की तळ उघडा पडतो आणि खालच्या अंगाच्या विहिरी आटतात. गाळ काढायला एप्रिल आणि मे हे दोनच महिने मिळतात, म्हणजे मंजुरी मार्चअखेर हातात पडायलाच हवी. नाहीतर वर्ष वाया.

एक वर्ष आधीच वाया गेलं होतं, आणि तेही माझ्यामुळे. मागच्या प्रस्तावात मी तालुक्याचं पर्जन्यमान, अवर्षणप्रवण भागाचं वर्णन, भूजलाची सर्वसाधारण स्थिती अशी चार पानं लिहिली होती. कंपनीचं उत्तर आलं की या गावाची आजची स्थिती दाखवणारी माहिती प्रस्तावात नाही. ते उत्तर मला वर्षभर बोचत राहिलं, कारण ते खरं होतं. गावाचं नाव बदललं असतं, तर तीच चार पानं शेजारच्या गावालाही चालली असती.

या वेळी कागद पक्के होते. कंपनी ज्या संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्च करते, तिला आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांकही लागतो. गावच्या मंडळाकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून काम आमच्या संस्थेच्या नावावर. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडचा; त्यांचं ना हरकत पत्र मिळालं होतं, अंदाजपत्रकही झालं होतं. असे कागद जाहिरात आल्यावर गोळा करायला घेतले तर कधीच जमत नाहीत, हे मी प्रत्येक गावाला कळकळीनं सांगते. राहिला होता ग्रामसभेचा ठराव. तो घेऊन सरपंच आणि बचत गटातल्या दोघी दहिवडीहून पहिल्या एसटीनं निघाल्या आणि पुसेगाव, कोरेगाव करत अकराच्या सुमाराला पोचल्या.

ठराव स्कॅन करता करता मी विचारलं, "गेल्या उन्हाळ्यात टँकर कधीपर्यंत होता?"

"जूनपतूर आसंल, ताई," सरपंच म्हणाले.

"न्हाई. जुलैची अकरा तारीख," असं म्हणत बचत गटातल्या दोघींपैकी एका मावशींनी मांडीवरच्या पिशवीतून एक वही काढली.

शाळेतली दोनशे पानी वही. पुठ्ठा सुटला होता, तो गोधडीच्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेला. पानं ओल्या हातांनी फुगून वर आलेली. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, वेळ, गाडी नंबर, खेप. मध्येच लाल पेनानं लिहिलेलं, 'आला नाही'. एका ओळीत 'निम्माच भरलेला'. आणखी एका ठिकाणी 'रात्री ११.४० ला आला. बाया झोपल्या. आडात ओतला.'

मी पानं उलटत राहिले. स्कॅनर तसाच चालू होता.

"मावशी, ही कधीपासून लिहिताय?"

"तीन वर्सं झाली. टँकरच्या लॉगबुकावर सही माजी घेत्यात. जी खेप आलीच न्हाई तिच्यावर सही कशी करायची? म्हून माजी येगळी वही."

एकट्या मे महिन्याची आम्ही बेरीज केली. रोज दोन खेपा ठरलेल्या, म्हणजे ६२ यायला हव्या होत्या. वहीत ४१ होत्या. या वेळच्या प्रस्तावातही तशीच राहिलेली माझी ती चारही पानं मी काढून टाकली आणि दुपारी साडेबाराला नव्यानं लिहायला बसले.

एक हिशेब मात्र वही पाहिल्यावरच सुचला. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण ब्रासभर गाळ बसतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तेवढ्या जागेत सुमारे २,८३० लिटर पाणी मावतं. गावात येणारा टँकर १२,००० लिटरचा. म्हणजे सव्वाचार ट्रॉल्या गाळ निघाला की तलावात एका टँकरएवढी जागा होते. खोदलेला गाळ फुगतो, म्हणून आम्ही पाच ट्रॉल्या धरल्या. पाझर तलावातलं पाणी हळूहळू जमिनीत मुरून विहिरींना लागतं, त्यामुळे ते टँकरसारखं मोजून हंड्यात येणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं. पण पाच ट्रॉल्यांना एक टँकर हे माप सरपंचांना जितकं कळलं, तितकंच मुंबईत बसलेल्या माणसालाही कळणार होतं.

दुसरं राहून जायचं ते लोकवाट्याचं. मशीनचे तास आणि डिझेल कंपनीकडून, गाळाची वाहतूक शेतकऱ्यांची, असं ठरलं होतं. मागच्या वेळी मी 'गावाचा सहभाग राहील' एवढंच लिहिलं होतं. आता कोण किती ट्रॉल्या आपल्या रानात नेणार याची यादी सरपंचांनी फोनवर फोन करून तिथेच केली आणि भाड्याच्या दरानं तिची रक्कम मांडली. गावानं घातलेला पैसा कंपनीकडे मागितलेल्या पैशाच्या जवळपास निघाला. सरपंच तो आकडा बराच वेळ बघत राहिले.

वहीच्या पानांची फाईल जड झाली, ती वेबसाइट घेईना. मे महिन्याची तीन पानं ठेवली, पुन्हा स्कॅन केली, आणि पाच वाजून बावीस मिनिटांनी पोचपावतीचा क्रमांक आला. मावशींनी तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या अधिकारी बाई गावात पाहणीला आल्या. तलावावर जायच्या आधी त्यांनी विचारलं, "ती वही कुठाय?" मावशींच्या ओट्यावर बसून त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मागितल्यापेक्षा थोडी कमी, पण रक्कम मंजूर झाली.

एप्रिलमध्ये पोकलेन उतरलं त्या सकाळी मी गावात होते. काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं, त्यासाठी प्रत्येक ट्रॉलीची नोंद लागणार होती. मी छापील तक्ते नेले होते. मावशी बांधावरच्या बाभळीखाली कोरी वही घेऊन आधीच बसल्या होत्या, पट्टीनं रेघा मारत: तारीख, वेळ, ट्रॅक्टर नंबर, खेप, कुणाच्या रानात. पहिली ट्रॉली भरून वर आली तेव्हा त्यांनी हात दाखवून ती थांबवली, नंबर वाचला आणि लिहिलं, '७.१५. आली.'