शेंडा पिवळा, शिरा हिरव्या

मे महिन्यात माझ्या चेरी टोमॅटोची पानं पिवळी पडायला लागली. घोडबंदर रोडला, कासारवडवलीत आमचा फ्लॅट. बाल्कनीत २० लिटरच्या चार बादल्या, प्रत्येकीवर एक रोप, मुळं थेट खतपाण्यात सोडलेली आणि फिश टँकचा एअर पंप रात्रंदिवस गुरगुरत असतो. मातीच नाही, म्हणजे घोळ पाण्यातच असणार. हे आता सुचतंय. तेव्हा मी नुसती पानं निरखत बसले होते.

सासूबाई म्हणाल्या, "मुळं चोवीस तास पाण्यात, कुजणार नाहीत तर काय!" शंका रास्त होती, म्हणून नेट पॉट (रोप धरणारी जाळीची कुंडी) उचलून पाहिला. मुळं पांढरी, ना बुळबुळीत, ना कुबट वास. पान हातात घेतलं तर शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा, जाळी काढल्यासारखा. मोबाइलवर वाचलं होतं की ही मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण. लगेच एप्सम सॉल्टची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची, फवारणी केली. चार दिवस वाट पाहिली, फरक शून्य. मग वाटलं, खतच कमी पडत असेल. खताच्या दोन्ही बाटल्यांमधलं थोडं थोडं वाढवलं. त्याने पानांच्या कडा करपल्या, म्हणजे एकाचे दोन आजार झाले.

शेवटी नारायणगावच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची टोमॅटोत हयात गेलेली, पण बादलीतली शेती बघून आधी पाच मिनिटं हसले. मग एकच विचारलं, "अगं, पिवळं खालून चढलंय का शेंड्यातून उतरलंय?"

मी हा विचारच केला नव्हता. खालची जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी होती. सगळ्यात वरची, बोटाच्या पेराएवढी कोवळी पानं मात्र लिंबाच्या सालीसारखी पिवळी, अगदी टोकाची तर पांढुरकी.

"मग मॅग्नेशियम नाही, फेरस, म्हणजे लोह कमी पडतंय. आमच्या उसाला केवडा पडतो ना, पानं पिवळी-पांढरी होतात, तसलंच हे." मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही. पुरवठा थांबला की नवी पानं उपाशी.

पण खतात तर लोह होतं! मामा म्हणाले, "असेल, पण झाडाला मिळतंय का? तुझा पीएच बघ, पाणी किती आंबट ते."

माझं पीएच पेन ६.१ दाखवत होतं, अगदी हवं तितकं. तरी ड्रॉवरमधून बफरच्या (पेन तपासायच्या, ठरावीक पीएचच्या द्रावणाच्या) पुड्या शोधल्या आणि ६.८६ च्या द्रावणात पेन बुडवलं. आकडा आला ५.४! घेतल्यापासून एकदाही कॅलिब्रेट केलं नव्हतं, म्हणजे आकडा जुळवून घेतला नव्हता. केल्यावर बादलीतला खरा पीएच निघाला ७.६. खतातलं लोह ईडीटीए प्रकारचं, म्हणजे ते पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए नावाच्या रसायनाने धरून ठेवलेलं (यालाच चिलेटेड म्हणतात). पीएच साडेसहाच्या वर गेला की ते नीट टिकत नाही, लोह साक्याच्या रूपात तळाशी बसतं.

आणि पीएच चढला कशाने, तर टँकरने. उन्हाळ्यात सोसायटीत नळाचं पाणी कमी आणि टँकर जास्त. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर नळाचं पाणी ७० च्या आसपास येतं, टँकरचं आलं ४८०. बहुधा बोअरचं. अशा पाण्यात बायकार्बोनेट हा ॲसिडला मारणारा क्षार भरपूर, त्यामुळे आज पीएच उतरवला तरी उद्या पुन्हा वर.

चारही बादल्या उपसल्या. नळाचं पाणी दोन दिवस साठवून भरलं, खत जुन्याच मापाने. मग हातमोजे घालून फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने पाण्यात टाकत (पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) पीएच ५.९ वर आणला. मग डीटीपीए या दुसऱ्या रसायनाने धरलेलं चिलेटेड लोह बादलीमागे अर्धा ग्रॅम. ते थोड्या चढ्या पीएचलाही टिकतं.

पिवळी झालेली पानं पुरती हिरवी झालीच नाहीत. ती बघून मी रोज खट्टू व्हायचे आणि मामा ओरडायचे, "ती सोड, नवा फुटवा बघ!" आठव्या दिवशी दोन नंबरच्या बादलीत शेंड्याला पान फुटलं, छोटंसं, पण देठापासून टोकापर्यंत हिरवं.

आता टँकर आला की मी बाटली आणि मीटर घेऊन खाली जाते. वॉचमन दादांना वाटतं मी महापालिकेची, परवा विचारत होते, "ताई, पाणी पास झालं का?"